नसलेलं बटण

त्या दिवशी आम्ही सगळे शिक्षक मिळून एक बटण शोधत होतो.

पुण्याच्या एका कंपनीने आपले वापरलेले लॅपटॉप आमच्या वेल्ह्याच्या शाळेला भेट दिले होते. प्रयोगशाळेच्या ओट्यांवर ते मांडले, एकेक सुरू केला, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर तोच मजकूर आला: वायरलेस बंद आहे, यंत्रावरच्या बटणाने ते बंद केलेलं आहे. बाकी सगळं छान चालत होतं, फक्त नेट नव्हतं, आणि नेटसाठीच तर सगळा खटाटोप होता. बटणाने बंद केलंय म्हटल्यावर बटण कुठंतरी असणारच. आम्ही पुढची कड चाचपली, मागची चाचपली. मुख्याध्यापक धुमाळ सर एक लॅपटॉप उताणा करून, चष्मा कपाळावर चढवून त्याच्या पोटाकडं बघत होते. विज्ञान मी शिकवते, त्यामुळं सगळे अधूनमधून माझ्याकडं आशेने बघत. शेवटी मी कपाटातून भिंग काढून आणलं.

"सर, याला बटणच नाहीये."

दारात तिशीची एक बाई उभी होती. सलवार-कमीज, खांद्याला सॅक, हातात हेल्मेट. भाचीचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली होती आणि ऑफिसात कोणी नव्हतं म्हणून आवाजाच्या दिशेने इकडं आली होती.

"बटण नाही, मग हे काय लिहिलंय?" धुमाळ सरांनी विचारलं.

"त्याला तसं वाटतंय. मी बघू का?"

सरांनी हो म्हणायच्या आधी तिने ओढणी कमरेला गुंडाळून घट्ट गाठ मारली होती. चपला काढल्या, स्टुलावर मांडी घातली आणि काळ्या चौकटीत काहीतरी टाइप करायला लागली. शिपाई चहा घेऊन आला. तिने मान न उचलता सांगितलं, "चालू झाल्यावर." त्या दिवशी ते चालू झालं नाही. ती चहा न घेताच गेली आणि दाखला न्यायलाही विसरली.

अशी सरोज गायकवाड आमच्या शाळेत आली.

ती मार्गासनीची. वडील, ज्यांना ती आणि नंतर आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो, आयुष्यभर शिवऱ्याच्या पलीकडच्या एका दगडखाणीवर कामाला होते. सुरुंग लावायचे. आई सरोज कॉलेजात असतानाच गेली. थोरली बहीण वेल्ह्यात दिलेली. तिला सरोज आक्का म्हणे. सरोज इंजिनियर झाली, पुण्यात नोकरीला लागली. वायरलेसच्या चिपा बनवणाऱ्यांसाठी तिची कंपनी तपासणीचं काम करायची. मग एका सकाळी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. सरोज आठ-पंधरा दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिली. कंपनीने काही महिने घरून काम करू दिलं, मग तेही बंद झालं.

गावात याची जी चर्चा व्हायची ती झाली. एवढं शिकली आणि आली परत. लग्नाचं वय निघून चाललंय. नशीब एकेकाचं. नशीब हा शब्द तिच्यासमोर कोणी काढला की तिच्या नाकपुड्या फुलायच्या. एकदा आमच्या स्टाफरूममध्ये एका बाईंनी तो काढला. सरोज शांतपणे म्हणाली, "बाई, माझे वडील आजारी आहेत आणि मी त्यांच्याजवळ आहे. यात नशिबाने काय केलं? केलं ते मी." त्या बाई वह्या तपासायला लागल्या.

तिचा एक प्रश्न होता. तुम्ही काहीही घेऊन जा, लॅपटॉप, मोबाईल, शिवणयंत्र, आणि सांगा की चालत नाही. ती विचारायची, "कुठपर्यंत चालतं?" सुरुवातीला माणसं गोंधळायची. चालत नाही म्हणजे चालत नाही. पण ती सोडायची नाही. दिवा लागतो का? आवाज येतो का? मग त्याच्या पुढं काय होतं? तिचं म्हणणं असं की कुठलीच गोष्ट पुरती बंद नसते, ती कुठंतरी येऊन थांबते, आणि ती जागा सापडली की निम्मं काम झालं.

अण्णांच्या बाबतीतही हेच. पहिल्यांदा मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते पडवीतल्या खाटेवर बसले होते आणि सरोज समोर उकिडवी बसून विचारत होती, "आज कुठपर्यंत?"

"न्हानीपत्तुर," अण्णा म्हणाले. शब्द ओठाच्या एका कोपऱ्यातून निघत होते.

"आणि परत?"

"परत तू धरलं."

"मग ते अर्धं झालं. उद्या परत येताना भिंतीला धरा, मला नाही."

मला ते कठोर वाटलं. दुसऱ्या माणसाने नुसतं वाहवा म्हटलं असतं. पण अण्णा मान हलवत होते आणि त्यांच्या डोळ्यांत, कसं सांगू, खाणीवरचा माणूस दुसऱ्या दिवशीचं काम ऐकून घेताना असेल तसा भाव होता. पुढच्या वेळी मी गेले तर ते भिंतीला धरून अंगणात आले होते.

लॅपटॉपचं कोडं तिने दोन-तीन दिवसांत सोडवलं. मग आमच्या नववीच्या वर्गासमोर उभं राहून तिने ते समजावून सांगितलं, आणि मला ते तेव्हाच कळलं.

"तुमच्या मळ्यात मोटर आहे?" तिने विचारलं. निम्म्या वर्गाने हात वर केले.

"स्टार्टरचं बटण दाबून मोटर बंद केली, तर परत कशी चालू करायची?"

"बटण दाबून."

"आणि वायरमनने डीपीवरचा फ्यूज काढून खिशात घातला असेल तर?"

"मग कितीबी दाबा, न्हाई चालायची," मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"बरोबर. लॅपटॉपचा रेडिओ, म्हणजे ज्याने तो बिनवायरीचा नेटला जोडला जातो तो भाग, असाच दोन ठिकाणी बंद होतो. एक पडद्यावरून, स्टार्टरसारखा. आणि एक खरोखरच्या बटणाने, फ्यूजसारखा. फ्यूज काढलेला असला की पडद्यावरून कितीही सांगा, ऐकायचं नाही, असा नियमच आहे. माणसाने हाताने बंद केलेलं यंत्राने परस्पर चालू करायचं नाही."

मग तिने लॅपटॉप उचलून दाखवला. या जातीच्या पहिल्या लॅपटॉपांना पुढच्या कडेला सरकतं बटण होतं. नंतरच्या खेपेत कंपनीने ते काढून टाकलं, पण बटणाकडून चिपेकडं जाणारी तार तशीच ठेवली आणि ती बंदच्या बाजूला जोडून टाकली. चिप चालवणारा जो प्रोग्रॅम असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो रोज त्या तारेला विचारतो की बटण चालू आहे का. तार म्हणते, बंद. मग ड्रायव्हर रेडिओला हात लावत नाही.

"म्हणजे जे बटण नाहीच, ते बंद आहे," मी म्हणाले.

"हां मॅडम. आणि त्याला कोणी सांगितलं नाही की ते नाहीये."

तिने ड्रायव्हरमध्ये थोडा बदल केला, की या जातीच्या लॅपटॉपवर तारेला विचारायचंच नाही. एकेक लॅपटॉप वायरने जोडून तिने तो बदल त्यात घातला, आणि नेट सुरू झालं. शिपाई चहा घेऊन आला. या वेळी ती दोन कप प्याली.

धुमाळ सरांनी प्रयोगशाळेच्या दारावर संगणक कक्ष अशी पाटी लावली. वरच्या वाड्यांवरच्या पोरांना, ज्यांच्या घरी मोबाईलची रेंज सुद्धा डोंगराच्या एका कडेलाच येते, पहिल्यांदा समोर पूर्ण पडदा मिळाला. गोष्ट इथं संपली असं आम्हाला वाटलं.

अकरावीचे प्रवेश हल्ली ऑनलाइन होतात. त्या वर्षी वाड्यावस्त्यांवरच्या दहावी झालेल्या मुलांना आम्ही फॉर्म भरायला शाळेतच बोलावलं. आईबाप सकाळच्या एसटीने, कोणी टेम्पोने, पोरांना घेऊन आले. कक्ष भरला, व्हरांडा भरला. मी पहिला लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर तेच जुनं वाक्य. दुसरा उघडला, तेच. आदल्या दिवशी यंत्रांनी आपापलं नवं अपडेट घेतलं होतं, त्यात नवा ड्रायव्हर आला होता आणि सरोजचा बदल पुसला गेला होता.

ऑफिसातला एकच जुना संगणक होता. मुदतीचा शेवटचा दिवस होता. धुमाळ सर आईबापांना म्हणत होते, "थोडं थांबा, होतंय." एका आजोबांनी मला विचारलं, "बाई, आमी भोरला जाऊ का? पण मंग आज माघारी यायला गाडी घावायची न्हाई."

सरोजला फोन केला. ती मार्गासनीहून स्कूटरवर आली. ओढणी कमरेला बांधली, राउटरला जेवढ्या वायरी लागत होत्या तेवढे लॅपटॉप आधी वायरीवर चालू करून मुलांना त्यावर बसवलं, आणि बाकीचे एकेक मांडीवर घेऊन दुरुस्त करत गेली. पाणी सुद्धा घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे फॉर्म भरले गेले. शेवटची आई पोरीचा हात धरून एसटीकडं पळाली तेव्हा सरोज भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. धुमाळ सर तिला धन्यवाद देऊ लागले.

"सर, थांबा," ती म्हणाली. "हे प्रत्येक अपडेटला होणार. मी जन्मभर मागं पळत बसणार नाही. मुळात दुरुस्त करायला पाहिजे."

"मुळात म्हणजे? कंपनीकडं तक्रार?"

"नाही. हे लॅपटॉप लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सचा ड्रायव्हर कोणा एका कंपनीचा नसतो, सगळ्यांचा असतो. जगभरातली माणसं तो लिहितात. माझा बदल त्यातच गेला, की अपडेटबरोबर तोच येईल. आपल्याकडं, आणि ज्यांच्या ज्यांच्याकडं हा लॅपटॉप आहे त्या सगळ्यांकडं."

"घेतील ते तुझा बदल?"

"घ्यायला लावीन."

तिने तो बदल मेलने पाठवला. जिथं पाठवायचा तो एक मोठा चावडीसारखा प्रकार असतो, सगळ्यांचे मेल सगळ्यांना दिसतात. प्रत्येक ड्रायव्हरची देखभाल करणारा एक माणूस असतो आणि त्याने होकार दिल्याशिवाय काही आत जात नाही. सरोज त्याला मामलेदार म्हणायची. तो कुठल्या देशातला होता कोण जाणे. बहुधा तो झोपायला जायच्या वेळी आपल्याकडं उजाडत असावं, कारण त्याची उत्तरं तिला पहाटे उठल्यावर मिळायची.

पहिलं उत्तर आलं ते नकाराचं. याच जातीच्या ज्या लॅपटॉपांना बटण आहे त्यांचं काय, असं त्याने विचारलं होतं. तुमच्या बदलानंतर त्यांनी बटण बंद केलं तरी रेडिओ चालूच राहील. हे मला मान्य नाही.

मी त्या दिवशी योगायोगाने तिच्या घरी गेले होते. सरोज अंगणात येरझारा घालत होती. मी तिला एवढी चिडलेली कधी पाहिली नव्हती.

"कोण वापरतं हो मॅडम ते बटण? बंद करायचं तर पडद्यावरून करा. कुठल्या तरी एका माणसासाठी माझ्या एवढ्या पोरांनी थांबायचं का?"

अण्णा खाटेवरून ऐकत होते. "काय म्हणतोय त्यो?" त्यांनी विचारलं.

तिने त्यांना सांगितलं. बटण, तार, रेडिओ. अण्णा खाटेवर सावरून बसले. मग म्हणाले, "बराबर बोलतोय."

"अण्णा, तुम्हाला काय माहिती?"

"खाणीवर सुरुंगाच्या तारा जोडल्या की म्या समद्यांचं मोबाईल, वॉकीटॉकी बंद करायला लावायचो. म्हाईत हाय ना तुला?"

तिला माहीत होतं. मला नव्हतं, म्हणून ते माझ्याकडं वळून, एकेक शब्द जमवत सांगू लागले. विजेवर उडणाऱ्या सुरुंगाच्या तारा जोडलेल्या असताना जवळपास कुठलाही रेडिओ चालू ठेवायचा नाही, हा खाणीवरचा पक्का नियम. एकदा पाहणीला आलेल्या एका साहेबाने सांगितलं की माझा वॉकीटॉकी बंद आहे. अण्णांनी तो हातात घेऊन पाहिला. बटण बंदवर होतं, पण दिवा मिणमिणत होता. बटण आतून खराब झालेलं. साहेबाला त्याची कल्पनाही नव्हती. अण्णांनी तारा सोडल्या, सगळ्यांना खाली नेलं आणि त्या दिवशी सुरुंग उडवला नाही. साहेबानेच नंतर त्यांना खाणावळीत जेवायला नेलं म्हणे.

"त्यानं हातानं बंद केलं व्हतं," अण्णा म्हणाले. "त्याचा इस्वास व्हता. बटन बंद म्हंजी बंद. तू त्यो तोडाय लागलीस, पोरी."

सरोज उभी होती ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "बटणवाला लॅपटॉप शोधायला लागेल. हातात घेतल्याशिवाय नाही जमायचं."

तो सापडला भोरमध्ये, एसटी स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात. दुकान शेटेकाकांचं. टायपिंग, फॉर्म, लग्नाच्या पत्रिका, सगळं ते त्या एका लॅपटॉपवर करत. पुढच्या कडेला नखाएवढं सरकतं बटण. काकांनी तो द्यायला साफ नकार दिला.

"त्यात माझ्या पोरीच्या लग्नाचे फोटो हायेत," ते म्हणाले.

"काका, मी पेनड्राइव्हवरून चालवीन. तुमच्या डिस्कला हातसुद्धा लावणार नाही. दुकानाबाहेर पण नेणार नाही."

"गिऱ्हाईक आलं की?"

"उठून देईन."

मार्गासनीहून भोर म्हणजे नसरापूरला गाडी बदलायची. ती अण्णांचं सकाळचं आवरून, त्यांना वेल्ह्याहून आलेल्या आक्काकडं सोपवून निघायची आणि दुपारी, भोरचा बाजार पेंगतो त्या वेळी, शेटेकाकांच्या दुकानात पोहोचायची. गिऱ्हाईक आलं की लॅपटॉप काकांच्या हवाली करून बाकड्यावर बसायची. काही दिवसांनी काकाच गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "थोडं थांबा, ताईंचं काम चाललंय." लोकांचे अडलेले फॉर्म ती भरून द्यायची, ते वेगळंच.

एकदा बँकेच्या कामासाठी मी भोरला गेले होते, तेव्हा दुकानात डोकावले. सरोजने तिचा पहिला बदल, जो मामलेदाराने नाकारला होता, तोच त्या लॅपटॉपवर चालवला होता.

"बघा मॅडम," ती म्हणाली आणि अंगठ्याने बटण बंद केलं. बटणाशेजारचा दिवा विझला. पडद्यावर मात्र आसपासच्या नेटची नावं तशीच येत राहिली. तिने बटण पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. नावं हललीही नाहीत.

"माझ्या हाताने बंद केलं," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि हे चालूच आहे. मला सांगतंय की बंद आहे." तिचा चेहरा उतरला होता. "अण्णा म्हणत होते ते हेच. हे मी जगभर पाठवणार होते."

तिने तो बदल पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दोन्ही खेपांच्या लॅपटॉपांच्या आतल्या बोर्डाची आवृत्ती यंत्रातच नोंदलेली असते. ती वाचून, जिथं बटण नाही तिथंच तारेकडं दुर्लक्ष करायचं आणि जिथं आहे तिथं तिचंच ऐकायचं, असं तिने लिहिलं. मामलेदाराने ते वाचलं आणि अजून एक प्रश्न विचारला: यंत्र झोपलेलं असताना कोणी बटण सरकवलं तर? सरोज दुसऱ्या दिवशी पुन्हा भोरला. झाकण मिटलं, बटण बंद केलं, झाकण उघडलं. रेडिओ जागा झाला आणि चालूच राहिला. यात तिच्या बदलाचा काही दोष नव्हता. ड्रायव्हरमध्ये ही चूक आधीपासूनच होती, कोणाच्या लक्षात आली नव्हती. जागं होताना बटणाकडं पुन्हा बघायचं असतं, ते राहून गेलं होतं.

"हे आपल्या शाळेच्या कामाचं नाही ना?" मी विचारलं. आमच्या लॅपटॉपना बटणच नव्हतं.

"नाही."

"मग सोडून दे की. त्यांचं ते बघतील."

"मला दिसलंय मॅडम. आता कसं सोडू?"

मग बरेच दिवस हेच चालू होतं. पाठवायचं, उत्तराची वाट बघायची, दुरुस्त करायचं, पुन्हा पाठवायचं. कधी मामलेदार म्हणे नाव नीट द्या, कधी म्हणे हे दोन बदल वेगळे करा, कधी आठवडाच्या आठवडा काहीच म्हणत नसे. मधल्या काळात आमच्या शाळेतले लॅपटॉप दोनदा अपडेटने बंद पडले आणि दोनदा ती येऊन लावून गेली. एकदा धुमाळ सर मला म्हणाले, "अहो, ती थकत कशी नाही?" ती थकायची. मी पाहिलं आहे. मार्गासनीच्या थांब्यावर, गाडीची वाट बघताना, खांबाला डोकं टेकून डोळे मिटून उभी. फक्त ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही आणि थांबण्याचं कारणही होऊ दिलं नाही.

होकार आला तो एका रविवारी. रविवारी सकाळी ती गावातल्या विहारात मुलांचा गणिताचा वर्ग घ्यायची आणि मीही कधीमधी मदतीला जायचे. फळ्यावर अपूर्णांक मांडता मांडता तिचा फोन वाजला, तिने पाहिला, आणि खडू हातात तसाच धरून ती उभी राहिली. मला वाटलं घरून काही आलं. मी जवळ गेले.

"घेतलं," ती म्हणाली. "दोन्ही." मग मुलांकडं वळून तिने अपूर्णांक पुरा केला, छेद समान करून दाखवला, मुलांना पाच गणितं सोडवायला दिली, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसून रडली. मी तिच्याशेजारी बसले.

घरी जाऊन तिने अण्णांना सांगितलं. अण्णांनी विचारलं, "बटन?"

"ठेवलं अण्णा. बंद म्हणजे बंद."

अण्णांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

पुढचं अपडेट आलं त्या सकाळी मी मुद्दाम लवकर शाळेत गेले. एकेक लॅपटॉप उघडला. सगळे नेटला जोडलेले. कोणी काही केलेलं नव्हतं. मी धुमाळ सरांना बोलावून दाखवलं. ते सगळ्या ओट्यांमधून एक फेरी मारून आले, हात मागं बांधून, परीक्षेला पर्यवेक्षक फिरतो तसे.

त्या ड्रायव्हरमध्ये कुठं काही अडलं की लोक मग तिलाही विचारायला लागले. कुठल्या कुठल्या देशांतले मेल यायचे. मामलेदाराने एकदा आपणहून विचारलं की या भागाकडं तूही लक्ष देशील का. त्यातूनच तिला बंगळुरूच्या एका कंपनीकडून विचारणा झाली. तिने सरळ नाही म्हणून कळवलं. हे अण्णांना आक्काकडून कळलं आणि घरात मोठं भांडण झालं. अण्णा तोवर काठी घेऊन रस्त्यापर्यंत जात होते.

"माझ्यापायी ऱ्हायलीस त्ये झालं," ते म्हणाले. "आता माझं नाव सांगून ऱ्हाऊ नगंस."

"मी तुमचं नाव नाही सांगत. मला राहायचंय."

"खोटं बोलतीस. तुला खोटं बोलायला येत न्हाई."

आक्काने वेल्ह्याचं घर बंद करून मार्गासनीला राहायला येते म्हटलं तेव्हा कुठं सरोज कबूल झाली. कंपनीला तिने आधीच सांगून टाकलं की दर महिन्याला घरी येणार आणि तो दिवस मी ठरवणार. ते त्यांना चाललं.

नंतर तिचे फोन येत राहिले, अजूनही येतात. प्रत्यक्ष मात्र आमच्या भेटी चुकतच गेल्या; ती येते तेव्हा मला परीक्षेचं काम निघतं, मी मोकळी असते तेव्हा ती नसते. म्हणून मी तिला डोळ्यांनी शेवटची पाहिली ती मार्गासनीच्या थांब्यावर, ती निघाली त्या सकाळी.

मी वेल्ह्याहून आले होते. अण्णा धुतलेला सदरा घालून काठीवर उभे होते. आक्का डबा घेऊन आली होती. सरोजची एक बॅग आणि ती सॅक. स्वारगेटची गाडी आली, कंडक्टरने घाई केली, आणि ती वाकून अण्णांच्या पाया पडून चढली. खिडकीशी जागा मिळाली. आक्काने डबा खिडकीतून आत दिला. मी काहीतरी सांगणार होते, काय ते आता आठवत नाही, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने वाचला, आणि तिच्या कपाळावर ती आठी पडली जी मी ओळखत होते. सॅकमधून लॅपटॉप काढून तिने मांडीवर उघडला.

गाडी हलली. अण्णांनी काठी बगलेत धरून डावा हात वर केला. मीही केला. गाडी आमच्या समोरून गेली. खिडकीत सरोज मान खाली घालून टाइप करत होती, ओठ हलत होते, जणू समोर बसलेल्या कोणाला तरी ती नीट समजावून सांगत होती. तिने वर पाहिलं नाही. वळणापर्यंत पाहिलं नाही.

अण्णांचा हात अजून वरच होता. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं.

"बघितलं न्हाई तिनं," ते म्हणाले, आणि हात खाली घेतला. त्यांच्या वाकड्या ओठांत हसू होतं. "कामात हाय."